मागची बाकडी आणि समोरचा पट्टा: स्कॉर्पिओच्या दोन पिढ्या, डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर

तलासरी, उधवा, कासा, धुंदलवाडी या पट्ट्यात घरात गाडी घ्यायची ठरली की वडीलधारं माणूस पहिल्यांदा विचारतं, "माणसं किती बसतील?" मायलेज, रंग, हप्ता यांचं बोलणं त्यानंतर. प्रश्न रास्तच आहे. लग्नाचं वऱ्हाड असतं, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा असते, वापीच्या दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस आणि त्याच्यासोबत निघालेले चार नातेवाईक असतात. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि मोठ्या कारखान्यांवर इथे बंधनं आली. त्यामुळे कामधंद्याला वापी, उंबरगाव नाहीतर बोईसर गाठावं लागतं. रेल्वे किनाऱ्यालगत आहे, पाडे डोंगराकडे आहेत, आणि मधलं सगळं अंतर चारचाकीनं कापायचं असतं.

'माणसं किती बसतील' या प्रश्नाला स्कॉर्पिओनं २००२ साली एक उत्तर दिलं. वीस वर्षांनी त्याच नावाच्या नव्या गाडीनं ते बदललं. दोन्ही गाड्या चारोटी नाक्यावर आज शेजारी-शेजारी उभ्या दिसतात, जुनीवर बहुधा एमएच ०४, नवीवर एमएच ४८. दिव्यांचे आकार आणि जाळीच्या पट्ट्या यांची तुलना पुष्कळ झाली आहे. मला वाटतं, दोन्ही गाड्यांमधला सगळ्यात मोठा बदल पुढे नाही, मागे आहे. त्याकडे आपल्या भागातल्या माणसांनी जरा थांबून पाहायला हवं.

आधी थोडा मागचा धागा. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढची कित्येक दशकं कंपनीच्या गाड्यांवर त्या जीपची छाप राहिली: सपाट पत्रा, सरळ काच, पाट्यांचं सस्पेन्शन आणि मागे समोरासमोर दोन लांब बाकडी. जव्हार-कासा-डहाणू मार्गावर माणसांनी भरून धावलेल्या जीपगाड्यांचा सांगाडा हाच. २००० साली बोलेरो आली, तीही त्याच कुळातली. २० जून २००२ रोजी आलेली स्कॉर्पिओ मात्र कंपनीनं नव्यानं आखली होती. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या चमूनं ती सुमारे ६०० कोटी रुपयांत उभी केली. जगातल्या बड्या कंपन्या नव्या गाडीवर जेवढा पैसा ओततात, त्यापुढे ही रक्कम फारच लहान होती. आतल्या रचनेवर रामकृपा अनंतन यांनी काम केलं होतं. पुढे २०११ च्या एक्सयूव्ही ५०० च्या डिझाइनची धुरा त्यांनीच सांभाळली. गाडी तयार होत होती नाशिकला, म्हणजे आपल्या चारोटीहून जव्हार-त्र्यंबकच्या रस्त्यानं घाट चढून गेलं की जे शहर लागतं तिथे.

त्या पहिल्या स्कॉर्पिओत जीपची ताकद होती आणि मोटारीचं सुख होतं. एसी चालायचा, काचा बटणानं खाली यायच्या, आणि गाडी उंच होती. समोरचा रस्ता दूरवर दिसायचा, पावसाळ्यात पाणी साचलेल्या मोरीवरून जाताना पोटात गोळा यायचा नाही. बागायतदारानं घेतली, सरपंचानं घेतली, ठेकेदारानं घेतली. ती दाराशी उभी असली की घराची पत वाढते, असं लोक उघडपणे म्हणायचे. पण ती खऱ्या अर्थानं घरची गाडी झाली मागच्या बाकड्यांमुळे. पुढे दोन, मध्ये तीन आणि मागे समोरासमोर चार. शिवाय मांडीवर मुलं. बाकडी वर उचलली की घोलवड-बोर्डीच्या वाडीतले चिकूचे क्रेट, गवताचे भारे, यात्रेची भांडीकुंडी, काहीही मावायचं. म्हाताऱ्या बाईला मागच्या दारानं थेट बाकड्यावर टेकता यायचं, मधल्या सीटांवरून ओणवं होऊन जावं लागायचं नाही.

२७ जून २०२२ ला स्कॉर्पिओ-एन आली. ती चाकणला बनते. जुनी गाडी कंपनीनं बंद केली नाही. 'स्कॉर्पिओ क्लासिक' या नावानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला पुन्हा बाजारात उभं केलं. त्यामुळे इथे तुलना भूतकाळाशी नाही. दोन्ही रचना एकाच वेळी विकत मिळतात आणि गिऱ्हाइकाला खरोखर निवड करावी लागते.

मापं पाहू. क्लासिक ४४५६ मिलिमीटर लांब, १८२० रुंद आणि १९९५ उंच. एन ४६६२ लांब, १९१७ रुंद, १८५७ उंच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जुन्यात २६८०, नव्यात २७५०. म्हणजे नवी गाडी वीत-दीड वीत नव्हे, पण चांगली २०६ मिलिमीटर लांबली, ९७ मिलिमीटर रुंदावली आणि १३८ मिलिमीटर बसकी झाली. या तीन आकड्यांत सगळं डिझाइन आलं. उंच आणि अरुंद गाडी वळणावर झुकते. कासा-जव्हार रस्त्यावर जुन्या स्कॉर्पिओत मागे बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, वळणागणिक एका बाकड्यावरचे लोक दुसऱ्या बाकड्यावरच्यांच्या अंगावर कलतात. वजन खाली आणलं, चाकं लांब-लांब ठेवली की गाडी रस्ता धरून राहते.

मात्र हीच रुंदी डहाणू-बोर्डी रस्त्यावर अडचणीची ठरते. एका हाताला सुरूची झाडं, दुसऱ्या हाताला वाड्यांची कुंपणं, समोरून एसटी. जुनी गाडी जिथे सहज बाजूला होते, तिथे नवीचा चालक आरसा मिटायचा विचार करतो. गावातल्या बोळांत, पाड्याच्या पायवाटवजा रस्त्यांवर हा फरक रोज जाणवतो.

चेसिस दोन्हींत बॉडीपासून वेगळी आहे, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर वरची बॉडी बसवलेली. म्हणून दोन्हींत चढावंच लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्याला दोन्हींत पायरी लागते. पण एनच्या मागच्या अॅक्सलला वॅट्स लिंकेज नावाची जोडणी आहे. खड्ड्यात एक चाक गेलं की साध्या रचनेत अॅक्सल थोडा आडवा सरकतो आणि गाडीचा मागचा भाग हलतो. या जोडणीतला मधला फिरता तुकडा अॅक्सलला सरळ वर-खाली जायला भाग पाडतो. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटनं १७८४ साली पेटंट घेतलेली ही युक्ती आज उधव्याच्या रस्त्यावर मागच्या प्रवाशाचं कंबरडं वाचवते. शॉकअपही नव्या जातीचे आहेत. डिझेल इंजिन दोन्हीकडे २.२ लिटरचंच, पण क्लासिकला १३२ अश्वशक्ती तर एनच्या वरच्या आवृत्त्यांना १७५. एनचं स्टिअरिंग विजेवर चालतं, हाताला हलकं लागतं.

रूपाबद्दल फार बोलत नाही. मागचे उभे दिवे नव्या गाडीनं जुन्याकडून घेतले आहेत, आणि तिसऱ्या काचेशी क्रोमची पट्टी विंचवाच्या नांगीसारखी वर वळवली आहे. ती मला आवडते. जुनीचा ताठपणा मात्र नवीत उरला नाही.

आता मागचा भाग. एनमध्ये बाकडी नाहीत. मागे दोन माणसांची समोर तोंड केलेली सीट आहे, दोघांना पट्टे आहेत. एकूण माणसं सात, किंवा मधल्या ओळीत दोन स्वतंत्र खुर्च्या असतील तर सहा. मागे जायचं तर मधली एका बाजूची सीट उलटवायची आणि वाकून आत शिरायचं. नऊवारी नेसलेल्या आजीला ते जमत नाही. मागची सीट उघडी ठेवली तर मागे सामानाला जवळजवळ जागाच राहत नाही. तलासरीच्या हिशोबानं ही गाडी लहान झाली. लोक नाराज होतात ते इथे. ही नाराजी खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण ज्या रस्त्यावर ही गाडी चालायची, तो रस्ताही बदलला. राष्ट्रीय महामार्ग ४८, जो आपण अजून आठ नंबर म्हणतो, तो मनोरहून चारोटी, तलासरी, आच्छाडवरून गुजरातेत जातो. अलीकडे त्याचं काँक्रीटीकरण झालं आणि वेग आणखी वाढला. वेगाचा हिशोब आपल्या मनाला फसवतो. ६० वरून १०० वर गेलेल्या गाडीच्या अंगात जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि धडक झाली तर ती कुठेतरी जिरायलाच हवी. पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळला आणि माणूस पट्ट्यानं सीटला बांधलेला असला, तर बरीचशी पत्र्यात जिरते. नाहीतर ती माणसाच्या शरीरात जिरते. बाकड्यावर आडवा बसलेला माणूस धडकेच्या वेळी कुशीवर फेकला जातो. त्याला छातीवरून जाणारा पट्टा नसतो, मानेला आधार नसतो, समोर एअरबॅग नसते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात सगळ्या देशानं वाचला. उदवाड्याहून मुंबईला निघालेल्या गाडीतले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल त्यात गेले. गाडी महागडी जर्मन होती, सुरक्षेची सगळी साधनं तिच्यात होती, आणि पुढे बसलेले दोघं जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात निघालं. पुलाशी अरुंद होणाऱ्या रस्त्याच्या रचनेवरही त्या वेळी बोट ठेवलं गेलं. आपल्या नाक्यापासून इतक्या जवळ घडलेल्या घटनेनंतरही मागच्या सीटचा पट्टा आपल्याकडे उशीखाली दाबलेलाच असतो, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

ग्लोबल एनकॅप या संस्थेनं मे २०१६ मध्ये काही भारतीय गाड्यांची ताशी ६४ किलोमीटर वेगानं धडक-चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. त्याच यादीत मारुतीची इको होती, तिलाही शून्य. आपल्याकडच्या शेअर वाहतुकीचा मोठा भार या इकोवर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संस्थेनं स्कॉर्पिओ-एनला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले, ३४ पैकी २९.२५ गुण. मुलांसाठी तीन तारे. शून्यावरून पाचावर ही उडी वीस वर्षांतल्या डिझाइनची खरी कमाई आहे. गाडी बसकी का झाली, रुंद का झाली, बाकडी का गेली, या प्रश्नांची उत्तरंही तिच्यातच आहेत.

तरी पाच तारे म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. हीच गाडी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत गेली आणि तिला तिथे शून्य मिळालं, कारण धोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी, लेन सोडल्यास सावध करणारी यंत्रणा तिच्यात नव्हती. तिकडच्या नियमांत या गोष्टींना मोठं वजन आहे. २०२५ मध्ये एनच्या काही वरच्या आवृत्त्यांत ती यंत्रणा आली. महामार्गावर उलट्या बाजूनं येणारी दुचाकी, अंधारात रस्ता ओलांडणारा पायी मजूर, दुभाजकाच्या फटीतून घुसणारी गुरं, हे सगळं जिथे रोजचं आहे तिथे आपोआप लागणारा ब्रेक ही चैन नाही. अर्थात त्या आवृत्त्यांची किंमत चिकूच्या एका चांगल्या हंगामाला झेपणारी नाही.

दुरुस्तीचाही विचार हवा. जुनी गाडी कासा किंवा तलासरीचा मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. नवीला आधी स्कॅनर लावावा लागतो. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. घरातून वाडीत, वाडीतून बाजारात, अशा छोट्या फेऱ्यांनी ती चोंदते, मग अधूनमधून गाडी महामार्गावर सलग वेगानं चालवून ती जाळून साफ करावी लागते. नवी डिझेल गाडी घेणाऱ्यानं हे विक्रेत्याकडून नीट समजून घ्यावं.

नऊ माणसांची गरज मात्र कुठेही गेलेली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये बोलेरो निओ प्लस आली ती पुढे दोन, मध्ये तीन आणि मागे आडव्या बाकड्यांवर चार, अशीच. त्याच महिन्यात तिच्या धाकट्या बोलेरो निओला ग्लोबल एनकॅपमध्ये एक तारा मिळाला. म्हणजे मोठं कुटुंब असेल तर बाकडी, आणि पाच तारे हवेत तर छोटं कुटुंब, अशी वाटणी अजून चालू आहे. महिंद्राच्या रचनाकारांनी लग्नसराईत एकदा तलासरी नाक्यावर उभं राहून पाहावं आणि नऊ जणांना समोर तोंड करून पट्ट्यासह बसवणारी, परवडणारी गाडी आखावी. ते अशक्य मुळीच नाही.

तोवर ज्यांच्या दाराशी जुनी स्कॉर्पिओ आहे त्यांना एवढंच सांगेन: महामार्गावर बाकड्यांवर सामान ठेवा, माणसं पुढच्या दोन ओळींतच बसवा. मधल्या सीटचे पट्टे उशीखालून बाहेर काढा, अडकत असतील तर मेकॅनिककडून मोकळे करून घ्या. मुलांना बाकड्यावर अजिबात बसवू नका, मांडीवरही नको. माणसं जास्त झाली तर दुसरी गाडी करा. वापीपर्यंतचं तिचं भाडं चौघांत वाटलं तर जड नाही.