हॉवर्ड केन्डल : एव्हर्टन घडवणारा मॅनेजर

हॉवर्ड केन्डल (1946–2015) हे लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचे सर्वांत यशस्वी मॅनेजर. मूळचे ते मधल्या फळीतले खेळाडू. 1964 मध्ये प्रेस्टन क्लबकडून एफए कपची अंतिम लढत ते खेळले तेव्हा त्यांचे वय 17 वर्षे 345 दिवस होते. वेम्ब्लीवर त्या लढतीत इतका लहान खेळाडू तोवर उतरला नव्हता. 1967 मध्ये ते एव्हर्टनला आले. अ‍ॅलन बॉल आणि कॉलिन हार्वी यांच्याबरोबर त्यांची मधली फळी अशी जमली की 1970 मध्ये क्लबने लीग जिंकली. तरीही इंग्लंडच्या मुख्य संघाने त्यांना एकदाही खेळवले नाही. हा त्यांच्यावर अन्यायच झाला.

1979 मध्ये ब्लॅकबर्न क्लबने त्यांना खेळाडू-मॅनेजर नेमले. पहिल्याच हंगामात संघ तिसऱ्या विभागातून वर आला. पुढच्या वर्षी पहिला विभाग केवळ गोलफरकाने हुकला. 1981 मध्ये एव्हर्टनने त्यांना परत बोलावले.

सुरुवातीची अडीच वर्षे कठीण गेली. 1983 च्या अखेरीस एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावरचे, गुडिसन पार्कचे, प्रेक्षक रोडावले, केन्डल यांना काढा म्हणणारी पत्रके वाटली गेली, त्यांच्या गॅरेजवरही तीच मागणी रंगवली गेली. क्लबचे अध्यक्ष फिलिप कार्टर मात्र ठामपणे त्यांच्या पाठीशी राहिले. जानेवारी 1984 मध्ये लीग कपच्या उपान्त्यपूर्व सामन्यात एव्हर्टन ऑक्सफर्डमध्ये एका गोलने मागे होते. तेव्हा ऑक्सफर्डच्या केव्हिन ब्रॉकने आपल्या गोलरक्षकाकडे दिलेला पास आखूड पडला आणि एव्हर्टनच्या एड्रियन हीथने तो पळवून बरोबरी साधली.

एव्हर्टनच्या उत्कर्षाची गोष्ट आजही त्या पासपासून सांगितली जाते. त्यात केन्डल यांच्या मेहनतीचे श्रेय नशिबाला जाते. प्रत्यक्षात संघाची बांधणी त्याआधीच झाली होती. बरी क्लबचा गोलरक्षक नेव्हिल साउथॉल 1981 मध्येच आला होता. दुखापतींनी बेजार झालेला पीटर रीड बोल्टनकडून अवघ्या 60,000 पौंडांत मिळाला. 1979 मध्ये ब्रिटनमधला सर्वांत महागडा ठरलेला अँडी ग्रे 2,50,000 पौंडांत आला. जुना सोबती हार्वी मुख्य संघाचा सराव घेऊ लागला. इतरांनी मोडीत काढलेल्या खेळाडूंमधला खेळ ओळखणे, हे केन्डल यांचे खरे कौशल्य. 1985 मध्ये व्यावसायिक खेळाडूंनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडला, तो हाच 60,000 पौंडांचा रीड.

1984 मध्ये वॉटफर्डला हरवून एफए कप आला. पुढच्या हंगामात एव्हर्टनने 90 गुणांसह लीग जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरचे लिव्हरपूल 13 गुणांनी मागे होते. कप विनर्स कपच्या उपान्त्य फेरीत गुडिसनवर बायर्न म्युनिकविरुद्ध मध्यंतराला एका गोलची पिछाडी होती. सामना संपला तेव्हा एव्हर्टन 3–1 ने विजयी होते. रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला त्याच फरकाने हरवून त्यांनी तो कपही मिळवला.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या हुल्लडीत 39 जणांचा बळी गेला आणि इंग्लिश क्लबांवर युरोपीय स्पर्धांची बंदी आली. लीगविजेता म्हणून युरोपियन कप खेळण्याची एव्हर्टनची संधी गेली. 1987 मध्ये लीग पुन्हा जिंकून केन्डल फक्त बास्क खेळाडूंनाच संघात घेणाऱ्या स्पेनच्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओकडे गेले.

पुढे मँचेस्टर सिटी, शेफील्ड युनायटेड आणि ग्रीसमधले क्लब त्यांनी सांभाळले. एव्हर्टनला ते आणखी दोनदा परतले, पण पूर्वीचे यश पुन्हा आले नाही. 1998 मध्ये तर संघ गोलफरकानेच प्रीमियर लीगमध्ये टिकला. एव्हर्टनच्या 9 लीग विजेतेपदांपैकी एक केन्डल यांनी खेळाडू म्हणून आणि दोन मॅनेजर म्हणून मिळवून दिली. 1987 नंतर क्लबला एकदाही लीग जिंकता आलेली नाही.