निवासी शुश्रूषा आणि वृद्धांचे स्वावलंबन : एक विवेचन

वृद्धावस्थेत पडून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे कायमचे अंथरूण धरणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. शस्त्रक्रिया यशस्वी होते, रुग्ण घरी येतो, एखाद्या ब्युरोमार्फत 'चोवीस तासांची बाई' ठेवली जाते आणि कुटुंब निश्चिंत होते. मात्र या निवासी मदतनीस बाईने नेमके काय करावे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

परावलंबनाचे कारण केवळ दुखापत नसते. न वापरलेले शरीरही ते निर्माण करते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायुभार सुमारे एक किलोने घटल्याचे आढळले. साहजिकच, सर्व काही हातात आणून देणारी सेवा प्रेमळ असली तरी ती अपायकारक ठरू शकते.

याउलट पुनर्सक्षमीकरणाच्या दृष्टीने मदतनिसाचे काम 'करून देणे' हे नसून 'करू देणे' हे असते. स्नानाचेच उदाहरण घेऊ. रुग्णाला खुर्चीवर बसवावे, तांब्या त्याच्याच हाती द्यावा, पाठ व पाऊल तेवढे मदतनिसाने धुवावे. खुर्चीवरून उठताना दंड धरून ओढू नये. हातांवर रेटा देऊन त्याला स्वतः उठू द्यावे, आपण शेजारी उभे राहावे. पुढे वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाणे, बसून भाजी निवडणे, मग ओट्याशी उभे राहून चहा करणे, असा क्रम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ठरविता येतो. यात वेळ अधिक लागतो. शिवाय बाई बसली आहे आणि आजी भाजी निवडत आहेत, हे दृश्य घरच्यांना रुचत नाही, ही अडचण वैद्यकीय अडचणीहून लहान नाही.

प्रगती मोजण्यासाठी १९६५ साली मांडलेला बार्थेल निर्देशांक उपयुक्त आहे. जेवण, स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, जिना चढणे इत्यादी दहा बाबींना मिळून १०० गुण असतात. दर आठवड्याची नोंद साध्या वहीतही ठेवता येते. प्रगत स्मृतिभ्रंशासारख्या अवस्थेत मात्र अपेक्षा मर्यादितच ठेवाव्या लागतात.

डेन्मार्कमधील फ्रेडेरिसिया नगरपालिकेने २००८ पासून अशी पद्धत राबविली. २०१५ पासून तेथील कायद्याने, सुधारणेची शक्यता असल्यास कायम गृहसाहाय्यापूर्वी असे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. तेथील सेवा सार्वजनिक निधीतून चालते व मुदतबंद असते. आपल्याकडे खर्च बहुधा कुटुंबाचा आणि मदतनिसाचे वेतन रुग्णाच्या गरजेवर अवलंबून. रुग्ण चालू लागला की बाईची नोकरी संपते. म्हणजे उत्तम काम करणारीच बेरोजगार होते. प्रस्तुत लेखिकेच्या मते खरी ग्रंथी येथे आहे, बाईच्या वृत्तीत नव्हे. त्यामुळे प्रारंभीच तीन महिन्यांची निश्चित मुदत, आठवड्याची सुटी, आणि काम लवकर संपले तरी पूर्ण मुदतीचे वेतन, अशा अटी लेखी ठरविणे आवश्यक आहे. त्यानंतर चोवीस तासांऐवजी सकाळचे दोन तास तीच बाई येत राहिली, तर रुग्णाची ओळखीची सोबतही टिकते.