आयत्या वेळचा विषय

रायपूरच्या सदर बाजारात सराफ सोने तोलतो तेव्हा काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसावा लागतो. त्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. त्याच गिऱ्हाइकाच्या करातून चालणाऱ्या शहर बसचा काटा मात्र बंद खोलीत असतो. ही सेवा एका सोसायटीच्या नावाने चालते, आणि पीएम ई-बस सेवा योजनेत शहराला 100 ई-बस मंजूर आहेत. या योजनेत ठेकेदाराला पैसे मिळतात ते तिकिटांवर नव्हे, धावलेल्या किलोमीटरवर. मोठ्या बससाठी केंद्र किलोमीटरमागे 24 रुपये देते. वरची तोंडमिळवणी स्थानिक पातळीवर करायची. म्हणजे बस रिकामी धावली तरी बिल लागतेच. किती किलोमीटरची हमी द्यायची, फेरी चुकली तर दंड किती, हे बैठकीत ठरते. प्रवाशाचे खरे तिकीट तिथे फाटते, कंडक्टरच्या हातून नव्हे.

कोणी पाहत नसले की काय होते, ते मुंबई-पुण्यात दिसले. मुंबईत शहर बस चालवणाऱ्या बेस्टची समिती ही कायद्याने नेमलेली, मुख्यतः नगरसेवकांची समिती. अर्थसंकल्प, भाडे, ठेके तिच्यापुढे येत आणि तिथली खडाजंगी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायला मिळे. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक आला, समितीही गेली. मे 2025 मध्ये बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 झाले, तेव्हा सभागृहात हरकत घ्यायला एकही नगरसेवक नव्हता. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या पीएमपीएमएल या बस कंपनीनेही तेच केले. तिच्या संचालक मंडळातल्या महापौरांच्या खुर्च्या त्या वेळी रिकाम्या होत्या. भाडेवाढ चूक होती असे नाही. तिचा हिशेब लोकांसमोर उलटसुलट तपासला गेला नाही, हे चूक.

यावर खरा आक्षेप असा की लोकप्रतिनिधी असले की भाडे वाढतच नाही. तो खोटा नाही. 2019 मध्ये बेस्टने किमान भाडे 5 रुपयांवर आणले तेव्हा समिती होतीच, आणि तोटा त्याने मिटला नाही. पण तो निर्णय कोणी घेतला, विरोध कोणी केला, हे तरी सांगता येते. दुसरा आक्षेप ठेक्याच्या गोपनीयतेचा. निविदा उघडेपर्यंत तो मान्य. करारावर सही झाल्यावर दर आणि दंड लपवण्याजोगे काय उरते? माहिती अधिकार कायद्यातही व्यापारी गुपितापेक्षा व्यापक जनहित वरचढ ठरू शकते.

त्याच कायद्याच्या कलम 4 नुसार मंडळे-समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहता येते का, हे कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असते. पण इतिवृत्त म्हणजे वरातीमागून घोडे. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्या दोन शब्दांत तासाभराची चर्चा गडप होते. आणि सर्वांत महागडी बाब पुष्कळदा ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून शेवटी येते, सभासद चहा संपवत असताना. म्हणून मागायची ती विषयपत्रिका, टिप्पणीसकट आणि बैठकीआधी. नुसती ‘पारदर्शकता हवी’ म्हणून काही हाती लागत नाही. रायपूरचा तात्यापारा असो वा सदर बाजार, माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.