प्रथिन-औषधांवरील शर्कराशृंखला

दीर्घकालीन वृक्कविकाराचा रुग्ण मिरजेहून डायलिसिस करून कवठे महांकाळला परततो, तेव्हा त्याच्या पिशवीत पुष्कळदा एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन असते. त्याचे पांडुत्व पाहून मंडूर वा लोहकल्पाचा विचार आपल्या मनात प्रथम येणे स्वाभाविक आहे. परंतु येथे उणीव केवळ लोहाची नसते. रक्तकण निर्माण करण्याचा आदेश अस्थिमज्जेस देणारे, वृक्कात तयार होणारे प्रथिनच अपुरे पडलेले असते. ते बाहेरून पुरविणारे हे औषध बंद करून नुसते लोह दिल्यास पांडुत्व हटत नाही.

या प्रथिनात १६५ अमिनो आम्ले असून त्यास चार ठिकाणी शर्करेच्या शाखा जोडलेल्या असतात. रेणूच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग या शाखांचाच! त्यांच्या टोकांशी सियालिक आम्ल असते. ते गळाले की आतील गॅलॅक्टोज उघडे पडते आणि यकृतातील पेशी ते ओळखून प्रथिन रक्तातून त्वरेने उचलून घेतात. नवलाची गोष्ट अशी की, सियालिक आम्ल काढलेले प्रथिन परीक्षानळीत पेशींवर अधिकच जोमाने कार्य करते; शरीरात मात्र ते जवळजवळ निष्प्रभ ठरते, कारण ते टिकतच नाही.

इन्सुलिनला अशा शाखा नसतात, म्हणून ते जिवाणूंकडून बनवून घेता आले व १९८२ साली अमेरिकेत मान्यही झाले. एरिथ्रोपोएटिनसाठी मात्र चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातील पेशी वाढवाव्या लागल्या. त्यास १९८९ साली मान्यता मिळाली. पुढे दोन शाखा अधिक जोडून डार्बेपोएटिन सिद्ध झाले (२००१). त्याचा रक्तातील अर्धायुकाल सुमारे तिप्पट असल्याने टोचण्यांची संख्या घटली. आपल्या पुण्याजवळ हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीत होणारे टेनेक्टेप्लेज हे रक्ताची गुठळी विरघळविणारे औषधही याच जातीचे. मूळ प्रथिनातील ११७ व्या स्थानावरील शर्कराशाखा काढून १०३ व्या स्थानी नवी जोडणे, हा त्यातील एक महत्त्वाचा बदल. अशा बदलांमुळेच ते एकाच वेळी शिरेतून देता येते.

'शर्करा' या शब्दाने मधुमेही रुग्ण घाबरतात. इंजेक्शनातील ही शर्करा इतकी सूक्ष्म असते की रक्तशर्करा तिने वाढत नाही. एचबीए१सी तपासणीत दिसते ती ग्लुकोज आपोआप चिकटल्याची क्रिया. येथे पेशीतील विकर ठरलेल्या जागीच शाखा जोडतात. दोहोंत गल्लत नको.

औषध विक्रेत्यांनी हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे. बर्फाला थेट चिकटवून देऊ नये. गोठलेले औषध वापरू नये. कुपी जोरात हलवू नये. गोळ्यांच्या बाबतीत कंपनी बदलली तरी रेणू तोच राहतो. येथे पेशी व निर्मितीपद्धती यांनुसार शाखांची घडण थोडीफार बदलते, म्हणून तज्ज्ञांना विचारल्याविना दुसऱ्या कंपनीचे इंजेक्शन देऊ नये.

वैद्यांनी अशा रुग्णाचा रक्तदाब पाहावा. हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर चढल्यास गुठळीचा व पक्षाघाताचा धोका वाढतो. लोहकल्प योजण्यापूर्वी वृक्कतज्ज्ञांशी बोलावे. डायलिसिसच्या वेळी शिरेतून लोह दिले जात असण्याची शक्यता असते.