विश्लेषण : ऊन पाणी गावाचे की मालकाचे? जपानी 'ऱ्योकान'मधील मुक्कामामागची गोष्ट

पवनी तालुक्यातील रुयाडच्या महासमाधीभूमीमुळे जपानी भिक्खू आणि उपासक भंडारा जिल्ह्याला नवे नाहीत. उलट दिशेने जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला आता एक तरी रात्र 'ऱ्योकान'मध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहाची सोय असलेल्या पारंपरिक खाणावळ-निवासात काढायची असते. हा मुक्काम हॉटेलपेक्षा वेगळा कसा, त्याचे नियम कोणते आणि तलावांच्या जिल्ह्याने त्यातून काय पाहावे, याचा हा आढावा.

ऱ्योकान म्हणजे नेमके काय?

ऱ्योकान म्हणजे प्रवाशांसाठीचे जुन्या पद्धतीचे निवासस्थान. यामानाशी प्रांतातील 'निशियामा ओन्सेन केइउन्कान' हे इ.स. 705 मध्ये सुरू झाल्याचे मानले जाते. जगातील सर्वात जुने हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. ऱ्योकानच्या खोलीत जमिनीवर 'तातामी' नावाच्या जाड चटया असतात, पलंग नसतो. जेवणानंतर कर्मचारी येऊन गादी अंथरतात. पादत्राणे दारातच काढायची, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

भाडे बहुधा खोलीचे नसून माणशी असते. रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी त्यातच धरलेली असते. दुपारी 3च्या सुमारास प्रवेश आणि दुसऱ्या दिवशी 10-11पर्यंत निरोप, असा साधारण रिवाज आहे. जेवणाची वेळ ठरलेली असते. रात्री 9ला पोहोचून गरम जेवण मागितले, तर ते मिळेलच असे नाही.

झऱ्याचे पाणी 'अस्सल' हे कोण ठरवते?

जपानी भाषेत थंड पाण्याला 'मिझु' आणि गरम पाण्याला 'यु' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. गरम झऱ्याला 'ओन्सेन' म्हणतात. मात्र कोणालाही पाणी तापवून तशी पाटी लावता येत नाही. 1948च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमापाशी पाण्याचे तापमान किमान 25 अंश सेल्सिअस असावे लागते, किंवा कायद्यात दिलेल्या 19 घटकांपैकी एखादा ठरलेल्या प्रमाणात असावा लागतो. पाण्यात काय आहे आणि ते कोणाला वर्ज्य आहे, याचा तक्ता स्नानगृहात लावणे बंधनकारक आहे.

स्नानासाठी येणाऱ्या पाहुण्याकडून स्थानिक प्रशासन कर घेते. तो साधारणपणे माणशी 150 येन असतो. हा पैसा झऱ्यांचे संरक्षण, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटनाच्या सोयींसाठीच वापरायचा असतो.

स्नानाचे नियम इतके कडक का?

कुंडातले पाणी सर्वांचे असते, म्हणून. आधी बाजूच्या नळाखाली छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, साबणाचा फेस पूर्ण धुऊन टाकायचा आणि मगच कुंडात उतरायचे. कुंड शरीर शेकण्यासाठी असते, मळ काढण्यासाठी नव्हे. पुरुष आणि स्त्रियांची स्नानगृहे वेगळी असतात. अंगावर कपडा ठेवून उतरता येत नाही. छोटा टॉवेलही पाण्यात बुडवायचा नाही आणि केस वर बांधायचे.

आपल्याला इथेच संकोच वाटतो. त्यावर उपाय आहे. अनेक ऱ्योकानमध्ये कुटुंबासाठी तासाच्या बोलीवर मिळणारे खासगी कुंड असते. अंगावर गोंदण असल्यास काही ठिकाणी प्रवेश नाकारला जातो, त्यामुळे आरक्षण करतानाच विचारलेले बरे.

पाणी बहुधा 40 ते 42 अंशांचे असते. पहिल्यांदा दहा मिनिटे पुरेत. मद्यपानानंतर किंवा भरल्या पोटी उतरू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

शाकाहारी माणसाचे काय?

हा प्रश्न आरक्षणाच्या वेळीच सोडवावा लागतो. ऱ्योकानचे जेवण ऋतूनुसार, लहान-लहान पदार्थांचे असते. त्यातील बरेच पदार्थ सुकवलेल्या माशाच्या अर्कात शिजतात, त्यामुळे भाजी किंवा टोफू दिसला तरी तो शाकाहारी असेलच असे नाही. 'मासे नको' एवढे न सांगता 'माशाचा अर्कही नको' असे स्पष्ट लिहावे. शुद्ध शाकाहार हवा असेल, तर कोयासानसारख्या ठिकाणी बौद्ध मंदिरांच्या निवासात राहता येते. तिथे भिक्खूंच्या परंपरेतील मांस-मासळीविना जेवण मिळते.

एका गावाने पाण्यासाठी खटला का लढवला?

ह्योगो प्रांतातील किनोसाकी हे ओन्सेनचे जुने गाव. तिथे ऱ्योकानमध्ये झोपायचे आणि अंघोळीला गावाच्या सामाईक स्नानगृहात जायचे, अशी रीत होती. 23 मे 1925च्या भूकंपात आणि आगीत गाव उद्ध्वस्त झाले. पुन्हा उभारणी सुरू असताना, 1927 मध्ये एका ऱ्योकानने स्वतःच्या आवारातील झऱ्यावर आतच स्नानगृह बांधले. जमीन माझी, तर पाणीही माझे, असा त्यांचा दावा होता. झरे गावाचे आहेत आणि प्रत्येकाने आपापले पाणी उपसले तर सामाईक कुंडे कोरडी पडतील, असे गावाचे म्हणणे होते.

हा वाद 1950 पर्यंत चालला आणि तडजोडीने मिटला. झऱ्यांचा कारभार गावाच्या सामाईक संस्थेकडे राहिला. ऱ्योकानना आतले स्नानगृह ठेवण्याची मुभा मिळाली, पण त्याच्या आकाराला मर्यादा आली. 1972 पासून सर्व झऱ्यांचे पाणी एकत्र करून नळांनी वाटले जाते. आज तिथे अनेक सामाईक स्नानगृहे आहेत आणि ऱ्योकानमध्ये उतरलेल्या पाहुण्याला त्यांत जाता येते. संध्याकाळी सुती युकाता आणि लाकडी खडावा घालून पाहुणे गावभर हिंडतात, त्याचा फायदा दुकानांनाही होतो. युकाताची डावी बाजू उजवीवर यावी लागते. उलट नेसवणे ही मृतदेहाची रीत आहे.

महाराष्ट्रात असे झरे आहेत का?

आहेत, आणि गावांच्या नावांतूनच ते कळतात. उन्हाळे, उन्हेरे, उन्हवरे, उनपदेव, उनकेश्वर या सगळ्या नावांत 'ऊन पाणी' आहे. जपानमध्ये शंभराहून अधिक सक्रिय ज्वालामुखी आहेत. महाराष्ट्रात एकही नाही. इथे जमिनीच्या भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी पोटातल्या उष्णतेने तापून वर येते. विदर्भाच्या माणसाला मोर्शी तालुक्यातील सालबर्डी आणि पैनगंगेकाठचे उनकेश्वर जवळचे. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे. आपल्याकडे झऱ्यापाशी देऊळ आणि धर्मशाळा उभी राहिली, तर जपानमध्ये ऱ्योकान. उतरण्यापूर्वी अंग धुण्याची सक्ती आणि पाण्याच्या तपासणीचा तक्ता या दोन गोष्टींना मात्र फार खर्च लागत नाही.

भंडारा जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध?

सामाईक पाण्याचे नियम भंडाऱ्याला परके नाहीत. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे पाणी कोणाच्या बांधीत कधी जायचे, याच्या रूढी गावोगावी होत्या. इंग्रजी अमदानीत त्या 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये नोंदल्याही गेल्या. किनोसाकीचा वाद मिटला त्याच 1950 साली तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपवणारा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. जुलमी मालकी गेली, हे योग्यच झाले. मात्र तलाव सरकारजमा झाले आणि पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, हे ठरवण्याचा गावाचा अधिकारही सैल झाला. आज अनेक 'मामा' तलाव गाळाने, बेशरमाने आणि अतिक्रमणाने आक्रसले आहेत.

किनोसाकीतही मालकीवरून भांडण झाले. तिथे तडजोडीनंतर पाण्याचा हिशेब ठेवणारी संस्था गावातच राहिली आणि पाहुण्यांच्या करातून झऱ्यांच्या देखभालीला पैसा मिळतो. मामा तलावांच्या दुरुस्तीसाठी योजना येतात, गाळही निघतो. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या तलावाकडे कोण पाहणार, हे मात्र प्रत्येक गावाला अजून ठरवायचे आहे.