वाड्याचे आयुष्य

१८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगड निकामी केला आणि पंतप्रतिनिधींचे ठाणे आपल्या मलकापुरास आले. अशा जुन्या वाड्याचे वय एका सालात सांगता येत नाही. ते थरांत मोजावे लागते. जोते दगडाचे, त्यावर लाकडी खांब आणि तुळया. आतल्या भागात छताचा भार या सांगाड्यावर असतो, मधली भिंत केवळ आडोसा. म्हणूनच सोपा बंद करून कचेरी करता येते, भिंतीत दार पाडता येते, तरी वाडा उभा राहतो. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा. तेव्हा त्याआधीच्या घरावर तसली कौले दिसली, तर ती मागाहून चढली हे उघड आहे.

वाड्याचा खरा वैरी हा फेरफार नव्हे, तर चुकलेली शाकारणी. एक कौल सरकले की आपल्याकडच्या पावसाचे पाणी तुळईच्या भिंतीत बसलेल्या टोकाला लागते. तिथे वारा पोचत नाही. लाकूड आतून कुजते आणि बाहेरून धडधाकट दिसते. जहागिऱ्या गेल्या, कौले फिरवणारे हातही पांगले. म्हणून वाडा राखा म्हणणाऱ्यांनी आधी सुताराची, गवंड्याची दरसालची मजुरी अंदाजपत्रकात मांडावी. कोनशिला त्यानंतर.