नाम, पद आणि कर्ता : डॉक्टर फेटच्या परंपरेचा भाषिक विचार

विशेषनाम हे एका व्यक्तीचे असते आणि पदनाम हे त्या पदावर येणाऱ्या प्रत्येकाचे असते, हा भेद व्याकरणाच्या प्राथमिक पुस्तकातही सांगितलेला असतो. तथापि काही नावे ही सीमा ओलांडून जातात. 'सीझर' हे मुळात एका रोमन कुळाचे नाव. पुढे ते सम्राटपदाचे वाचक झाले. आद्य शंकराचार्यांचे नाव त्यांच्या पीठांवर येणाऱ्या आचार्यांचे पदनाम बनले. पुराणांनी तर 'इंद्र' हे पदच मानले आहे. चालू मन्वंतराचा इंद्र पुरंदर, पुढील मन्वंतराचा इंद्र बळी, अशी तेथील व्यवस्था आहे. नावाच्या या स्थित्यंतराचे एक अर्वाचीन उदाहरण अमेरिकन चित्रकथांतील 'डॉक्टर फेट' या मांत्रिक वीराच्या रूपाने उपलब्ध आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, येथे नावाबरोबर कर्तृत्वाचाही प्रश्न उभा राहतो : नाव धारण करणारा माणूस कर्ता राहतो की नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा कारकविचाराच्या अंगाने परामर्श घ्यावयाचा आहे.

१. नावाचा आरंभ

'मोअर फन कॉमिक्स' या नियतकालिकाच्या ५५ व्या अंकात, मे १९४० मध्ये, ही व्यक्तिरेखा प्रथम अवतरली. लेखक गार्डनर फॉक्स व चित्रकार हॉवर्ड शर्मन. 'फेट' म्हणजे नियती. सुवर्णाच्या शिरस्त्राणाने झाकलेला चेहरा सुमारे एक वर्षभर वाचकांना दिसलाच नाही, आणि त्यामागील माणसाचे नावही कळले नाही. त्या वर्षात 'डॉक्टर फेट' हे निखळ विशेषनाम होते.

मे १९४१ च्या ६७ व्या अंकात पूर्ववृत्त आले. १९२० मध्ये स्वेन नेल्सन हा पुरातत्त्वज्ञ मुलगा केंट यास घेऊन मेसोपोटेमियातील ऊर परिसरात उत्खननास गेला. तेथील थडग्यात निद्रिस्त असलेल्या नबू या ज्ञानी पुरुषास केंटने जागे केले. त्या थडग्यातील विषारी वायूने पित्याचा अंत झाला. नबूने पोरक्या मुलास वाढविले, विद्या दिली आणि अखेर वेष व शिरस्त्राण दिले. नबू हे बॅबिलोनी परंपरेतील लेखनविद्येच्या देवतेचे नाव असून बोर्सिप्पा येथे तिचे प्रमुख मंदिर होते. शब्दसामर्थ्यावर चालणाऱ्या मांत्रिकाच्या गुरूस हे नाव मिळावे, हे उचितच म्हटले पाहिजे.

या टप्प्यावर कारकव्यवस्था सरळ आहे. केंट शिरस्त्राण धारण करतो व शत्रूचे निवारण करतो. केंट कर्ता, शिरस्त्राण करण. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्यात पाहिले आणि करणाचे लक्षण क्रियासिद्धीतील सर्वाधिक उपकारकतेत पाहिले. १९४१ चा केंट या लक्षणात चपखल बसतो. विद्या गुरूची असली तरी क्रिया शिष्याची आहे.

२. 'मी' कोणाचा?

मूळ मालिका १९४४ मध्ये बंद पडली. पुढे १९७५ मध्ये 'फर्स्ट इश्यू स्पेशल'च्या ९ व्या अंकात लेखक मार्टिन पास्को व चित्रकार वॉल्टर सायमन्सन यांनी या कथेची मांडणी बदलली. आता नबू हा केवळ भूतकालीन गुरू राहिला नाही. त्याचे चैतन्य शिरस्त्राणात वसू लागले, आणि ते मस्तकावर चढताच केंटची जाणीव मागे सरू लागली. केंटची पत्नी इंझा हिला यामुळे आपल्याच घरात एका परक्याशी वागावे लागते. नवरा जगाचे रक्षण करून येतो. परंतु ते रक्षण त्याने केले काय, असा तिचा प्रश्न आहे.

मराठीस ही अवस्था अपरिचित नाही. 'त्याच्या अंगात देवी येते' या वाक्यात 'देवी' कर्ता आहे. 'अंगात' ही सप्तमी आहे. ज्याच्यावर सारा प्रसंग गुदरतो तो माणूस षष्ठीत उरतो. म्हणजे भाषेने त्याचे कर्तृत्व काढून घेतले असून त्याला करणाचाही मान दिलेला नाही. तो केवळ अधिकरण, क्रियेचा आधार, झाला आहे. १९७५ मधील केंट हा असा अधिकरणस्थानी गेलेला नायक होय.

येथे सर्वनामाचा प्रश्नही उद्भवतो. ज्यांचा निर्देश बोलणाऱ्यानुसार पालटतो अशा शब्दांचा एक वर्ग ऑटो येस्पर्सनने १९२२ मध्ये दाखवून दिला. 'मी' हा त्यांपैकी प्रमुख शब्द. 'मी' उच्चारणारे मुख ज्याचे, त्याचाच निर्देश होतो, असे सामान्यतः गृहीत असते. परंतु मुख केंटचे व वक्ता नबू, अशी फारकत झाली म्हणजे हे गृहीत कोसळते. 'डॉक्टर फेट' हे नाव मात्र अबाधित राहते. कारण ते देहाचा निर्देश करते की चैतन्याचा, हे सांगण्याचे बंधन नावावर नसते.

३. परंपरेचा आरंभ आणि लिंगाची अडचण

१९८७ मध्ये जे. एम. डीमॅटिस व कीथ गिफन यांच्या चार अंकी मालिकेत वृद्ध केंटनंतरचा वारस प्रथमच आला. एरिक स्ट्रॉस हा दहा वर्षांचा मुलगा मंत्रबळाने एकाएकी प्रौढ होतो आणि लिंडा या त्याच्या सावत्र आईशी एकरूप होऊनच डॉक्टर फेट बनतो. १९८८ मध्ये सुरू झालेली पुढील मालिका याच जोडीची. या क्षणापासून 'पहिला डॉक्टर फेट', 'नवा डॉक्टर फेट' असे प्रयोग अर्थपूर्ण झाले. ज्या नावास क्रमवाचक विशेषण लागू पडते ते पदनामाच्या वर्गात गेले, असे समजण्यास हरकत नाही.

ही कथा मराठीत सांगावयाची झाल्यास क्रियापदापाशी अडचण येते. इंग्रजीत नामास व क्रियापदास लिंगाचा विकार नाही. तृतीयपुरुषी सर्वनाम टाळले की काम भागते. मराठीत 'डॉक्टर फेट आला' म्हणावे की 'आली'? आदरार्थी बहुवचनानेही सुटका होत नाही. 'आले' आणि 'आल्या' हा भेद तेथेही आहेच. प्रथमपुरुषात 'मी आलो' व 'मी आले' असे दोन मार्ग फुटतात. 'आम्ही आलो' यात लिंग लपते, पण मग दोघे एक झाल्याचा मुद्दाच नाहीसा होतो. 'मी शत्रूला रोखले' यासारख्या भावे प्रयोगात मात्र कर्त्याचे लिंग उघड होत नाही. म्हणजे मराठीतील या संयुक्त वीरास निःशंकपणे पराक्रम सांगता येईल, परंतु दारात आल्याची वर्दी देताना त्याला अडखळावे लागेल.

१९९१ मध्ये विल्यम मेसनर-लोब्स यांच्या लेखनात ही अडचण निराळ्या रीतीने सुटली. केंट व इंझा यांचे एकरूप होणे अशक्य ठरते आणि शिरस्त्राण एकट्या इंझाकडे येते. जिने अनेक वर्षे पतीच्या नावाआड प्रतीक्षा केली तीच आता नावाची धारक झाली. ती दूरच्या वैश्विक संघर्षापेक्षा आपल्या वस्तीतील माणसांच्या अडचणींकडे वळते. 'डॉक्टर फेट आली' हे वाक्य येथे व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, आणि त्यातील कर्ताही खराखुरा कर्ता आहे.

४. नकार आणि पुनःस्वीकार

१९९४ च्या 'फेट' या मालिकेतील जेरेड स्टीव्हन्स हा नामपरंपरेस नकार देतो. शिरस्त्राणाचे रूपांतर त्याच्याकडे सुऱ्यात होते, आणि नावातील 'डॉक्टर' गळून पडते. करणाचे रूप पालटताच नामाचेही रूप पालटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९९९ मध्ये 'जेएसए' मालिकेत हेक्टर हॉल याच्याकडे पूर्ण नाव व शिरस्त्राण परत आले. २००७ मध्ये स्टीव्ह गर्बर यांनी निर्माण केलेला वारस पहिल्या केंटचा नातलग असून त्याचेही नाव केंट नेल्सनच. तो व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ होता. २०१५ मध्ये पॉल लेव्हिट्झ व सनी लिऊ यांनी आणलेला खालिद नासूर हा ब्रुकलिनमधील वैद्यकाचा विद्यार्थी. त्याचे वडील इजिप्तहून आलेले टॅक्सीचालक. या दोघांच्या बाबतीत 'डॉक्टर' या उपपदास पुन्हा वाच्यार्थाचा आधार मिळाला. पदनाम रूढ झाल्यावर त्यातील झिजलेला शब्द अशा रीतीने नव्याने सार्थ होऊ शकतो.

५. वेताळाशी तुलना

मराठी वाचकास अशा वारशाचे दुसरे उदाहरण माहीत आहे. ली फॉक याने १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' इंद्रजाल कॉमिक्समधून (आरंभ १९६४) मराठीत 'वेताळ' म्हणून आला. तो मांत्रिक नव्हे. परंतु त्याचा मुखवटा पित्याकडून पुत्राकडे जातो, आणि कथेतील नायक एकविसावा आहे. मात्र तेथे परंपरा गुप्त ठेवली जाते. लोक त्या सर्वांना मिळून एकच अमर पुरुष समजतात. म्हणजे कुळाच्या दृष्टीने 'वेताळ' हे पदनाम, तर लोकांच्या दृष्टीने विशेषनाम. नावाचे सामर्थ्य या गैरसमजावरच उभे आहे. डॉक्टर फेटच्या बाबतीत वारस रक्ताने ठरलेला नसतो आणि बदलही वाचकापासून झाकलेला नसतो. त्यामुळे प्रत्येक वेळी नाव कोणी घेतले, आणि नावाने त्याचे काय केले, हे विचारावे लागते.

इंग्रजीत वारसा अंगावर घेतलेल्या झग्याच्या प्रतिमेने व्यक्त होतो. मराठीत तो गादीच्या प्रतिमेने. गादीवर माणूस बसतो. तिच्याहून तो निराळा दिसतो. शिरस्त्राण मात्र चेहराच झाकते. म्हणूनच या परंपरेतील खरी कसोटी शत्रूशी होणाऱ्या युद्धात नाही. नाव मस्तकावर चढल्यानंतर माणूस प्रथमेत राहतो की षष्ठी-सप्तमीत लोटला जातो, यावर ती अवलंबून आहे. केंटला ही कसोटी कायम जड गेली. इंझाने ती आपल्या परीने पार पाडली. पुढील प्रत्येक वारसास ती नव्याने द्यावी लागली. पद हे पूर्वसूरींकडून मिळू शकते. कर्तृत्व मात्र कोणत्याही वारशात येत नाही, ते ज्याचे त्याने सिद्ध करावयाचे असते, एवढा निष्कर्ष या नावाच्या इतिहासावरून निश्चितपणे काढता येतो.